‘वेदर बँड’वर नुसती खरखर येते: नाशिकमध्ये आपत्कालीन रेडिओ कसा निवडावा आणि पावसाळ्यात बोलता कसा ठेवावा

मृग जवळ आला की ही तक्रार हमखास येते. ऑनलाइन मागवलेला आपत्कालीन रेडिओ घरी आलेला असतो. त्याला हाताने फिरवायची मूठ, सोलर पट्टी, बॅटरी, सायरन असं सगळं असतं. पुढच्या बाजूला ‘डब्ल्यूबी’ किंवा ‘वेदर’ लिहिलेलं बटण असतं आणि ते दाबलं की एक ते सात आकडे फिरतात. सातही आकड्यांवर मात्र फक्त ‘खर्रर्र’ ऐकू येतं. मग कोणी एरियल बदलतो, कोणी गच्चीवर जाऊन बघतो, कोणी दुकानदाराशी भांडतो, आणि शेवटी ‘माल खराब निघाला’ म्हणून रेडिओ माळ्यावर जातो.

रेडिओ बहुधा ठीक असतो. ते सात आकडे म्हणजे १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सात लहरी. त्यांवर अमेरिकेची हवामान संस्था चोवीस तास हवामानाची माहिती देते आणि कॅनडातही याच लहरींवर तशी सेवा चालवली गेली आहे. भारतात या लहरींवर हवामानाचं प्रसारणच नाही. सीबीएस चौकात उभे राहा, पांडवलेणीच्या डोंगरावर चढा किंवा साल्हेरच्या १,५६७ मीटर उंचीवर जा, तिथे ऐकायला काही नाही. एरियल बदलल्याने किंवा रेडिओ दुरुस्त करून घेतल्याने यात काडीचा फरक पडणार नाही. त्या बटणावर वेळ घालवू नका.

खरखर ऐकू आली तर निदान कळतं की काही येत नाही. खरा धोका त्याच रेडिओवरच्या ‘अलर्ट’ खटक्यात आहे. अमेरिकेत इशारा देण्याआधी १,०५० हर्ट्झचा एक लांब सूर प्रसारित होतो. अलर्टवर ठेवलेला रेडिओ गप्प राहून त्या सुराची वाट पाहतो आणि सूर आला की मोठ्याने वाजू लागतो. आपल्याकडे तो सूर कोणीच पाठवत नाही. रेडिओ अलर्टवर ठेवून उशाशी घेऊन झोपलं आणि रात्री गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, तरी तो सकाळपर्यंत गप्प राहील. घरच्यांना वाटेल, वाजला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. शिवाय त्या अवस्थेत बॅटरी सतत थोडी थोडी खर्च होत राहते. म्हणून अलर्टचा खटका बंद करा आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. नुसता सायरन किंवा एसओएस बटण वेगळं असतं, ते इथेही काम करतं.

मग नाशिकमध्ये हा रेडिओ घ्यायचा कशाला? आकाशवाणीसाठी. लाइट गेली, टॉवरची बॅटरी संपली, फोनवर सिग्नलची एकही काडी राहिली नाही, तरी आकाशवाणीचं प्रसारण हवेतून येतच असतं. नाशिक आकाशवाणीचं एफएम केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. पुणे केंद्र मध्यम लहरींवर (रेडिओवर ‘एएम’ किंवा ‘एमडब्ल्यू’ लिहिलेली पट्टी) ७९२ किलोहर्ट्झला आणि मुंबईचं अस्मिता ५५८ ला आहे. पुण्याहून सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी मराठी प्रादेशिक बातम्या लागतात. पावसाळ्यात धरणांचे विसर्ग, बंद झालेले घाट आणि हवामान विभागाचे इशारे त्यातून कळतात. खासगी एफएमवर गाणी जास्त असली तरी वाहतूक आणि पावसाची स्थानिक माहिती तिथेही मिळते. बातम्या मात्र आकाशवाणीवरच ऐका, कारण खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या प्रसारित करायची परवानगी नाही.

यानंतर दुसरी तक्रार येते, आणि खरा घोळ तिथेच असतो.

१०१.४ लागतच नाही, किंवा लागतं पण ‘स’ आणि ‘श’ फाटके येतात

अमेरिकी बाजारासाठी बनलेला डिजिटल आकड्यांचा रेडिओ असेल तर एरियल सोडा, आधी आकड्यांची उडी बघा. तिथे एफएम केंद्रांच्या आकड्यात दशांशानंतर नेहमी विषम अंक असतो: १०१.१, १०१.३, १०१.५. त्यामुळे तिथला रेडिओ ०.२ च्या उडीने चालतो. १०१.३ वरून तो थेट १०१.५ वर जातो आणि नाशिक केंद्र नेमकं मधे राहतं. दोन्ही बाजूंनी आवाज अर्धवट येतो, बोलणं फाटतं आणि ऊष्म अक्षरं सीऽऽ करतात. लोक याला ‘कमजोर सिग्नल’ समजतात. बटण एकेकदा दाबत १०१.० ते १०२.० पर्यंत जा. प्रत्येक दशांश दिसला तर उडी ०.१ आहे आणि काळजीचं कारण नाही. विषम अंकच दिसले तर दोष उडीचा.

मध्यम लहरींवरही तेच होतं. भारतात केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, म्हणून ५५८, ७९२, १०४४ हे सगळे आकडे ९ ने भाग जाणारे आहेत. अमेरिकेत हे अंतर १० चं आहे. त्या मापाचा रेडिओ ७९० वर थांबतो, पुढे ८००. दोन किलोहर्ट्झच्या फरकाने आवाज येतो, पण घोगरा आणि किंचाळता. १०४४ सारख्या ठिकाणी चार किलोहर्ट्झचा फरक पडतो आणि मग बोलणं समजतच नाही.

उपाय बहुतेक वेळा रेडिओतच असतो. काही संचांत बंद अवस्थेत ‘स्टेप’ किंवा ‘मोड’ बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की पडद्यावर ‘१०’ च्या जागी ‘९’ येतो. काहींत सेल घालायच्या कप्प्यात बारीक सरकता खटका असतो, तो काडेपेटीतल्या काडीने हलवावा लागतो. काहींत ‘विभाग’ निवडायची यादी असते. माहितीपुस्तिकेत ९ आणि १० हे आकडे शोधा, त्याच पानावर कृती सापडेल. उडी बदलली की साठवलेली केंद्रं पुसली जातात, म्हणून बदल आधी करा आणि १०१.४ नंतर साठवा. उडी बदलायची सोयच नसेल तर असा रेडिओ नाशिकसाठी निरुपयोगी आहे. परत करता येत असेल तर करा.

याच कारणाने आमचं मत साध्या काट्याच्या रेडिओकडे झुकतं. चक्र फिरवून काटा सरकवायचा, त्यात उडीचा प्रश्नच नाही. काही काट्याच्या रेडिओंच्या आत आता चिप असते आणि काटा बारीक टप्प्यांनी सरकतो, पण १०१.४ लागलं की झालं. काट्याखालचे छापलेले आकडे क्वचितच अचूक असतात. म्हणून दिवसाउजेडी १०१.४ स्वच्छ लावा आणि तिथल्या काचेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, आजीलाही ठिपक्यावर काटा आणता येतो.

आणखी एक गोष्ट. जपानी बाजारासाठी बनलेले काही जुने संच ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच जातात. जुन्या बाजारातून घेत असाल तर एफएमची पट्टी १०८ पर्यंत आहे ना, ते आधी बघा. अमेरिकी संचात एफएमचा आवाज किंचित दबका वाटला तर तो बिघाड नाही. तिथल्या आणि आपल्या प्रसारणात उंच सुरांची भरपाई वेगळ्या मापाने करतात. बातमी समजायला त्याने काही अडत नाही.

केंद्र बरोबर, तरी घरात खरखर

सगळ्यात आधी रेडिओ चार्जरवरून काढा आणि सेलवर चालवा. निम्म्या घरांत खरखर इथेच थांबते, कारण स्वस्त मोबाइल चार्जर मध्यम लहरींवर भरपूर गोंगाट सोडतो. मग घरातले एलईडी बल्ब एकेक करून बंद करा. त्यांच्या आतलं छोटं वीजमंडळ असाच गोंगाट करतं आणि एखादाच बल्ब सगळ्या घराला त्रास देतो. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर सगळ्यात वाईट. लाइट गेल्यावर नेमका तो चालू होतो, म्हणजे रेडिओची गरज पडते त्याच क्षणी गोंगाट सर्वाधिक असतो. रेडिओ इन्व्हर्टर आणि त्याच्या वायरींपासून तीन-चार मीटर लांब, खिडकीत ठेवा. मुख्य खटका खाली करून एकदा ऐकून बघा. आवाज स्वच्छ झाला तर दोष घरातल्या वायरिंगमधून येतोय.

मध्यम लहरींसाठी लांब एरियल ओढून काही होत नाही. त्यासाठीची दांडी रेडिओच्या आत असते, काळ्या फेराइटची, बहुधा रेडिओच्या लांबीच्या दिशेने बसवलेली. तिला दिशा असते. केंद्र दांडीच्या टोकाकडे असेल तर आवाज मरतो, बाजूला असेल तर सर्वात चांगला येतो. पुणे नाशिकच्या जवळपास सरळ दक्षिणेला आहे. म्हणून ७९२ साठी रेडिओची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. मुंबई नैर्ऋत्येला आहे, तिच्यासाठी रेडिओ थोडा फिरवा. हातात धरून सावकाश पूर्ण फेरी मारा, एका ठिकाणी आवाज उठेल. गोंगाट करणारी वस्तू दांडीच्या टोकाच्या दिशेला आणता आली तर तो गोंगाटही दबतो. सिमेंटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मध्यम लहरी फार कमी पोचतात, खिडकी किंवा व्हरांडा बरा. दिवसा पुणे-मुंबई क्षीण येतात. रात्री जोरात येतात पण आवाज चढत-उतरत राहतो आणि लांबची दुसरी केंद्रंही त्यात मिसळतात. हा हवेचा गुण आहे, त्यासाठी रेडिओ उघडू नका. मध्यरात्री एखादं केंद्र एकदम शांत झालं तर लगेच दुसरं लावून पाहा. सगळी केंद्रं रात्रभर चालत नाहीत.

एफएमला मात्र बाहेरचं एरियल लागतं आणि त्याची लांबी महत्त्वाची. १०१.४ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २.९६ मीटर लांब असते, तिचा पाव भाग ७४ सेंटीमीटर. छोट्या रेडिओची काडी ४०-५० सेंटीमीटरचीच असते. ७५ सेंटीमीटरची साधी वायर घ्या, एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप जोडा, ती काडीच्या टोकाला अडकवा आणि वायर खिडकीत उभी सोडा. इतक्या साध्या गोष्टीने अनेक घरांत फरक पडतो. काडी सरळ उभीच हवी असं नाही, तिरकी, आडवी करून बघा. ही वायर गच्चीवर किंवा बाल्कनीबाहेर कायमची बांधू नका. विजा चमकत असताना ती काढून आत घ्या. इथे हयगय चालत नाही.

चार्ज होत नाही

यात दोन वेगळे दोष एकमेकांत गुंतलेले असतात.

पहिला केबलचा. टाइप-सी खाच असलेले पुष्कळ स्वस्त रेडिओ दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. त्या केबलमधून वीज सोडण्याआधी चार्जर समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर शोधतो. खर्च वाचवण्यासाठी तो बसवलेला नसतो, म्हणून चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबीतून टाइप-सीकडे येणारी केबल आणि साधा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा जुना चार्जर लावा. बहुतेक ‘मेलेले’ रेडिओ इथे जिवंत होतात. नव्या फास्ट चार्जरवर हट्ट धरू नका.

दुसरा दोष म्हणजे लिथियम सेल फार खोल उतरलेला असतो. गेल्या पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेला रेडिओ आठ-दहा महिन्यांत हळूहळू रिकामा होतो. ३.७ व्होल्टचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत जातो, आणि अडीच-तीनच्या खाली गेला की आतलं संरक्षण त्याला तोडून टाकतं. मग मूठ कितीही फिरवा, काही होत नाही, कारण मुठीची वीज त्या तुटलेल्या सेलपर्यंत पोचतच नाही. रेडिओ साध्या चार्जरवर अर्धा तास ठेवा. दिवा लागला तर पुढे पूर्ण चार्ज होऊ द्या. नाही लागला आणि सेल काढता येत असेल तर मल्टिमीटर लावा. व्होल्टेज दोनच्या खाली असेल किंवा सेल फुगलेला, गरम होणारा असेल तर बदलून टाका, त्याला पुन्हा जिवंत करायच्या नादी लागू नका. फुगलेला सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

सेल कुठला आहे, हे खरेदीच्या वेळीच बघायचं. १८६५० नावाचा जाड, नळकांड्यासारखा सेल किंवा बीएल-५सी ही चपटी बॅटरी असेल तर ती कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते. आत टाके घातलेला, नाव नसलेला सेल असेल तर दोन वर्षांनी रेडिओच फेकावा लागतो. आमच्या मते नाशिकच्या घरासाठी सर्वात खात्रीचा रेडिओ तो, जो लिथियम मेल्यावरही पेन्सिल सेलवर चालतो. दोन पेन्सिल सेलवर मध्यम आवाजात छोटा रेडिओ वीस-पंचवीस तास चालतो. तासातून पाच मिनिटं ऐकायची शिस्त ठेवली तर दिवसाला दोन तास होतात, म्हणजे दोन सेलमध्ये दहा दिवस.

मुठीचा हिशेब खोक्यावर जसा छापतात तसा नसतो. नीट फिरवली तर बॅटरीपर्यंत एक ते दीड वॉट पोचतात. रेडिओला साधारण पाव वॉट लागतो, म्हणून मिनिटभर फिरवून चार ते सहा मिनिटं ऐकता येतं. हे चांगलंच आहे. फोनचं गणित मात्र जमत नाही. ५,००० मिलीअँपिअर तासांच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास मावतात. दीड वॉटने तो भरायला बारा-तेरा तास सलग मूठ फिरवावी लागेल, आणि तेवढ्या वेळात प्लास्टिकची मूठ तुटेल. एक फोन लावण्यापुरते दोन-चार टक्के हवे असतील तर अर्धा तास. फोनसाठी भरलेली पॉवर बँक वेगळी ठेवा. मूठ फिरवताना घाई करू नका, सेकंदाला दोन फेऱ्या पुरेत. त्याहून जोरात फिरवलं की आतली दातेरी चाकं झिजतात.

सोलर पट्टी आणखी कमी. तळहाताच्या निम्म्या आकाराची पट्टी भर उन्हात ०.३ ते ०.५ वॉट देते. २,००० मिलीअँपिअर तासांचा सेल भरायला मे महिन्यातलं कडक ऊनही चार-पाच दिवस घेईल. आणि ज्या दिवसांत रेडिओ लागतो त्या आषाढ-श्रावणाच्या ढगाळ आभाळात ती दहावा-पाचवा हिस्साच देते. सोलर पट्टी म्हणजे सेल हळूहळू रिकामा होऊ न देण्याची सोय, भरण्याची नव्हे. तेवढ्यासाठी ती उन्हात ठेवताना रेडिओ गाडीच्या काचेआड ठेवू नका, बंद गाडीतली उष्णता लिथियम सेलला मारते.

सेल गळले, आवाजात करकर

पेन्सिल सेल आत ठेवून रेडिओ बाजूला ठेवला की पावसाळ्यातल्या ओलीत ते गळतात. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते. अल्कलाइन सेलची पूड अल्कधर्मी असते, हात लावू नका. कानातल्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पुसा, मग दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुन्हा पुसा आणि रात्रभर उघडं वाळू द्या. पाण्याने धुवू नका. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक सॅंडपेपरने हलक्या हाताने घासा. ठेवणीत सेल नेहमी रेडिओबाहेर, पण त्याच पिशवीत असावेत. नवे आणि जुने सेल एकत्र घालू नका, कमजोर सेल आधी उलटा भरला जातो आणि तोच गळतो. साधे झिंक-कार्बन सेल स्वस्त पडतात पण लवकर गळतात. आपत्कालीन पिशवीत अल्कलाइन किंवा नुसते पडून राहिले तरी लवकर न उतरणारे रिचार्जेबल ठेवा.

आवाजाचं चक्र फिरवताना करकर येत असेल तर रेडिओ बंद करून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्याने जातं, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा.

तळ ठोकायला निघताना

गंगापूरच्या बॅकवॉटरला, भावली किंवा वैतरण्याला, अंजनेरीला किंवा हरिहरच्या पायथ्याशी रात्र काढायची असेल तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: एफएम डोंगर ओलांडत नाही. ती साधारण नजरेच्या रेषेत जाते. त्र्यंबकच्या बाजूला ब्रह्मगिरीची रांग मधे येते, आणि दरीत तंबू ठोकला तर १०१.४ गायब होऊ शकतं. शंभर पावलं वर कड्याकडे जाऊन ऐका, अनेकदा तिथे लागतं. तळाच्या जागी पोचल्यावर अंधार पडायच्या आत तीन गोष्टी तपासा: १०१.४ लागतं का, ७९२ किंवा ५५८ लागतं का, आणि फोनला सिग्नल कुठल्या ठिकाणी मिळतो. तिन्ही नाही म्हणाले तर त्या रात्री तिथे थांबू नका, निदान जून ते सप्टेंबरात तरी.

मध्यम लहरीवरचा रेडिओ डोंगरात आणखी एक काम करतो, आणि त्याला केंद्र लागत नाही. पट्टीच्या खालच्या टोकाला, ५३०-६०० च्या आसपास, जिथे केंद्र नाही अशा जागी ठेवा. लांबवर वीज चमकली की ‘कड्’ असा तुटक आवाज येतो. ते आवाज वाढत गेले आणि जवळजवळ येऊ लागले तर वादळ जवळ येतंय. मग डोळे आणि कान वापरा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. आकडा दहाच्या आत आला की उघडा कडा, एकटं झाड आणि पाण्याचा काठ सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. त्या वेळात रेडिओची काडी आत ढकला. एप्रिल-मेच्या दुपारी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्यांसाठीही हाच नियम आहे. वळवाचा पाऊस आणि गारपीट फार कमी वेळात येते.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्याभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. हवामान विभागाचं ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ हीसुद्धा घ्या. निघण्याआधी घरच्या वायफायवर ती उघडा आणि इशाऱ्याचा रंग बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे कृती करा. हवामान विभाग नाशिकसाठी घाटभागाचा इशारा वेगळा देतो. शहराला पिवळा असताना घाटाला नारिंगी असू शकतो, आणि इगतपुरी-त्र्यंबकला जाणाऱ्याने घाटाचाच बघायचा. बातमीत ‘अतिवृष्टी’ असा ढोबळ शब्द येतो, पण विभागाचे आकडे ठरलेले आहेत: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार.

शहरात गोदाकाठी राहणाऱ्यांना एक आकडा याहून जवळचा असतो, तो म्हणजे गंगापूर धरणाचा क्युसेकमधला विसर्ग. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत पंचवटीतल्या आणि सराफ बाजाराकडच्या लोकांनी तो आकडा आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर आलं यांवरूनच हालचाल केली. मारुतीवरून अंदाज घ्यायला काठावर जावं लागतं. विसर्ग रेडिओवर घरबसल्या ऐकता येतो, आणि खाली सायखेडा-चांदोरीला तो ऐकून आवराआवर करायला वेळ मिळतो. आकडा ऐकला की वेळेसह कागदावर लिहा. एकच आकडा फारसं सांगत नाही, दोन तासांत तो वाढला की घटला हे सांगतं.

दुकानात उभं राहून

एम. जी. रोडवर किंवा मेन रोडवर रेडिओ घ्यायला गेलात तर खोकं वाचत बसू नका, दहा मिनिटं हातात घेऊन बघा. एफएमवर १०१.४ लावायला सांगा, दशांश उडी तपासा. मध्यम लहर आहे का बघा. हल्ली बऱ्याच संचांत फक्त एफएम असतं आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘इमर्जन्सी’ छापलेलं असतं. डोंगरात जाणाऱ्याने मध्यम लहर नसलेला संच घेऊ नये. सेलचं झाकण उघडून पेन्सिल सेल बसतात का आणि लिथियम सेल निघतो का, हे बघा. मूठ पन्नास फेऱ्या फिरवा. ती डगमगत असेल तर पावसाळाभर टिकणार नाही. काडी पूर्ण ओढून तिच्या मुळाशी ढिलेपणा आहे का बघा, पाणी तिथूनच आत शिरतं. कॅम्पसाठी आयपीएक्स४ निदान हवं, म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसेल. आयपीएक्स३ वरून पडणाऱ्या पावसापुरतं असतं, आणि काहीच लिहिलं नसेल तर जाड प्लास्टिकची झिपची पिशवी आणि त्यात सिलिका जेलची पुडी. १६२ मेगाहर्ट्झच्या वेदर बँडसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. वॉकीटॉकी घ्यायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, हौशी रेडिओच्या लहरींवर बोलायला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आकाशवाणी ऐकण्यासाठी लागत नाही.

घरात आधीच काय आहे तेही तपासा. चारचाकीचा रेडिओ बहुतेक छोट्या संचांहून चांगला पकडतो, आणि गाडीची बॅटरी तासन्‌तास पुरते. पूर असताना मात्र गाडी उंचावर असायला हवी. जुन्या फोनमध्ये एफएम असेल तर इअरफोन लावूनच ते चालतं, कारण इअरफोनची वायर हेच एरियल. नव्या अनेक फोनांना ती खाचच नाही, आणि आकाशवाणीचं ॲप इंटरनेटशिवाय चालत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी लागल्या की, रेडिओ काढून पूर्ण चार्ज करा, १०१.४ आणि ७९२ ऐका, मूठ दोन मिनिटं फिरवून दिवा लागतो का बघा. पाठीवर चिकटपट्टीने एक कागद लावा: १०१.४, ७९२, ५५८, सकाळी ७:०५, मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८. पावसाळा संपला की लिथियम सेल अर्धा भरलेला ठेवून रेडिओ कोरड्या कपाटात ठेवा, माळ्यावर नको, आणि दर तीन महिन्यांनी एकदा चार्जरवर लावा. दिवाळीच्या साफसफाईत आणि संक्रांतीला आठवण ठेवली तरी पुरतं.